आमची वाटचाल: वास्कोतली आमची खानावळ

गोवा मुक्तीनंतर दहा-बारा वर्षांनी बाबा वेंगुर्ल्याहून वास्कोला आले. बंदरात खनिजाची जहाजं लागत. बार्जींवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींवर, खलाशी, धक्क्यावर आंध्र-कर्नाटकातले मजूर. बाबांनी खानावळ काढली ती एका निवृत्त तारवट्याच्या (जहाजावर नोकरी केलेल्या माणसाच्या) भागीदारीत. तो बोटीवरचा कुक. बाबांचं तिरफळं घातलेलं हुमण (माशांची आमटी) आणि त्याचा माडाच्या व्हिनेगरात वाटलेला लाल मिरचीचा रेशाद मसाला, दोन्ही एकाच चुलीवर नांदले. दाबोळीच्या नौदल तळावरचे केरळी तारले मागत, बंगाली खलाशी माशाचं डोकं. आमची थाळी अशी गिऱ्हाइकांनीच घडवली.

त्या भागीदाराच्या हातचा बीडाचा तवा अजून आहे. मध्ये रेशाद बांगडा, कडेला रव्याचा. साबण कधी लावला नाही, गरम असतानाच पुसायचा. नवीन खानावळवाल्यांना सांगतो, पहिला पैसा तव्यात घाला, फलकात नको. आणि तिरफळं वाटणात वाटू नका, ठेचून वरून सोडा.

जुलै 2018 मध्ये मात्र सगळं बुडायची वेळ आली. मासेमारीबंदीचे दिवस, मासळी परराज्यातून ट्रकने येत होती. तिच्यात फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, असल्याची बोंब उठली आणि सरकारने बाहेरची मासळीच काही दिवस थांबवली. आमच्या समोरच्या हॉटेलवाल्याने दुसऱ्याच दिवशी 'आमची मासळी शुद्ध' असा फलक लावला आणि आमची ट्रकची, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटला. वर्षानुवर्षं आम्ही एकाच ट्रकवरून माल घेत होतो! हे मी विसरलेलो नाही.

आम्ही इसवण (सुरमई), पापलेट बंद केलं. पहाटे जाऊन झुआरीच्या खाडीतली शेवटं नावाची मासळी, तिसऱ्या, कुर्ल्या मिळतील तेवढ्या आणायच्या. बाकी पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे आणि किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर). चाळीस थाळ्यांवरून सहा-सात थाळ्यांवर आलो. दोन पोरं काम सोडून गेली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

बार्जीवरचे एक म्हातारे तांडेल (बोटीचे म्होरके) बाबांच्या वेळेपासूनचे. रोज साडेबाराला येऊन ते दारातल्या टेबलावर बसत, रस्त्यावरून दिसेल असे. एकदा म्हणाले, "पात्रांव, हांव हांगा जेवतां तें लोकांक दिसूं दी." म्हणजे, मालक, मी इथे जेवतो ते लोकांना दिसू दे. ऑगस्टात ट्रॉलर सुटले तेव्हा खारीवाड्याच्या धक्क्यावरचा पहिला बांगडा मी त्यांच्या ताटात वाढला. पैसे घेतले नाहीत, तर रागावले.

नंतरची वर्षं बरी गेली. पाटल्या सुटल्या. समोरचा फलक अजून तिथेच आहे.