लादीवर लादी: परळच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली

काम असं: स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, जेवणाची खोली १० बाय ११, एकूण १९० चौरस फूट. खाली जुनी मोझॅक लादी. सद्यस्थिती: निवड पक्की, माल घरात, जेवणाची खोली बसवून झाली. स्वयंपाकघर आणि सगळं ग्राउटिंग (टाइलमधले सांधे भरणं) बाकी.

निवड करताना रंग सगळ्यात शेवटी पाहिला. आधी उंची आणि वजन. २० मिमी कोटा दगड आणि त्याखाली ४० मिमी वाळू-सिमेंट धरलं तर चौरस मीटरला साधारण १३५ किलो होतात. ९ मिमी टाइल आणि ४ मिमी अॅडहेसिव्हचे तीसही होत नाहीत. जुन्या स्लॅबवर, तेही मोझॅक न काढता, कोटा चढवणं म्हणूनच बाद. मोझॅक फोडायचं म्हटलं की रॅबिटच्या (राड्यारोड्याच्या) गोण्या, सोसायटीची परवानगी, आणि स्लॅबला बसणारे हादरे. कोट्याला उगाच कमी लेखतात, तळमजल्यावर त्याच्यासारखा दगड नाही; पण तो चुनखडीचा आहे, लिंबू-कोकम सांडून राहिलं की पॉलिश उडतं. मार्बलचंही तेच. लॅमिनेटेड लाकूड मुंबईच्या पावसाळ्यात कडांना फुगतं, सिंकजवळ तर हमखास. एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, एकमेकींत अडकवायच्या फळ्या) फुगत नाही, पण खालची फरशी सपाट नसेल तर क्लिकचे सांधे खेळून तुटतात.

उरली व्हिट्रिफाइड. ६०० बाय ६०० मिमी, मॅट, जीव्हीटी (वर ग्लेझचा थर असलेली व्हिट्रिफाइड). चकचकीत टाइलवर तेलाचे दोन थेंब आणि पाणी पडलं की पाय जागेवर राहत नाही. अगदी खडबडीत पंच फिनिशमध्ये पिठाची रेघ अडकून बसते. मधलं निवडायचं. दुकानातून तुकडे मागून आणा, हळद कालवलेलं तेल रात्रभर ठेवा, सकाळी भांड्याच्या साबणाने पुसा. पॉलिश केलेल्या डबल चार्जच्या (रंगाचे दोन थर दाबून केलेल्या टाइलच्या) एका फिकट नमुन्यात पिवळी सावली राहिली, मॅट जीव्हीटीवर नाही. ओला सिलिंडर एका जागी ठेवल्यावर उमटणारं गंजाचं कडंही तपासून घ्या. पाइपचा गॅस नसलेल्या घरात तो डाग ठरलेला.

आता मोजमाप, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दुकानदार 'दोन बाय दोन' म्हणतो ती टाइल ६०० मिमी असते. दोन फूट म्हणजे ६१० मिमी. १० फुटी भिंत ३०४८ मिमी. पाच टाइल आणि ३ मिमीचे चार सांधे मिळून ३०१२. दोन्ही भिंतींशी ५ मिमी मोकळे सोडून, शेवटचा सांधा धरून, २३ मिमीची चिंधी उरते. ती कापताना तुटते आणि बसली तरी डोळ्यांत खुपते. म्हणून मधे चार पूर्ण आणि दोन्ही कडांना ३११ मिमीचे तुकडे. एका टाइलमधून असे दोन निघत नाहीत, त्यामुळे माल वाढतो. स्वयंपाकघरात ८ फुटांच्या दिशेची चिंधी ओट्याखाली जाते, तिथे मोझॅक तसंच ठेवायचं.

या आराखड्याने स्वयंपाकघराला २४ आणि जेवणाच्या खोलीला ३६, अशा ६० टाइल लागतात. फुटतूट ३, पुढच्या दुरुस्तीसाठी ५. एकूण ६८, म्हणजे चाराचे १७ बॉक्स. 'क्षेत्रफळ अधिक दहा टक्के' केलं असतं तर १४ बॉक्समध्ये ५६ टाइल आल्या असत्या, आणि नंतर त्याच बॅचचा माल मिळेलच असं नाही. बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर घेतानाच जुळवा. ४ इंची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) उरलेल्या तुकड्यांतून निघतं, त्यासाठी वेगळी टाइल लागत नाही.

बसवण्याआधी मोझॅक लाकडी दांड्याने ठोकून पाहायचं. बद्द आवाज आला ती लादी उचलून खड्डा भरायचा. ओट्यासमोर वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. तिथे ग्राइंडर फिरवून वरचा थर घासायचा, पकडीसाठी छिन्नीने टाचे मारायचे, धूळ व्हॅक्यूमने काढायची. दोन मीटरच्या अॅल्युमिनियम पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त पोकळी नको. फरशी एकूण १३ मिमी वर येते, म्हणून दरवाजे तेवढे रंधून घ्या, आणि मोरीचा उंबरा नव्या लादीच्या वर राहतो का ते पाणसळीने आधीच बघा. नाहीतर मोरीचं पाणी सरळ स्वयंपाकघरात.

जुन्या सवयीचा फिटर टाइल भिजवून सिमेंटच्या घोळावर ठेवतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी ०.५ टक्क्यापेक्षा कमी शोषते, त्यामुळे घोळाला धरायला काही मिळत नाही आणि काही महिन्यांत लादी वाजू लागते. पोत्यावर 'टाइल-ऑन-टाइल' छापलेलं पॉलिमर अॅडहेसिव्हच घ्या. २० किलोचं पोतं ३ मिमी थराला साधारण ५० चौरस फूट जातं. मोझॅकचे उतार धरून पाच पोती आणली. दातेरी थापीने एकाच दिशेला रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही पातळ हात फिरवायचा. पाच ठिपके टाकून टाइल चिकटवू देऊ नका: कोपरा पोकळ राहतो आणि खलबत्ता पडला की तोच तडकतो. पंखा बंद ठेवा, वाऱ्याने थरावर साय येते आणि पकड जाते. जेवणाच्या खोलीत दर दहाव्या टाइलनंतर एक उचलून पाहिली. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली दिसली तरच पुढची ओळ.

ग्राउट दोन्ही खोल्यांत इपॉक्सी, कारण सिमेंट ग्राउट हळद पितं. ३ मिमी सांधा, ९ मिमी जाडी या हिशोबाने अडीच किलो होतं, वाया जाणारं धरून तीन. एक-एक किलोचेच किट घ्या आणि प्रत्येक किट पूर्ण कालवा, अंदाजाने अर्धं केलं की रेझिन-हार्डनरचं प्रमाण बिघडून सांधा चिकट राहतो. उकाड्यात हे लवकर आवळतं, म्हणून एका वेळी दोन ओळी भरायच्या आणि लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. मॅट टाइलवर राहिलेला पांढरट थर दुसऱ्या दिवशी निघता निघत नाही.

पुढचा क्रम: स्वयंपाकघर बसवणं, २४ तास पाय न ठेवणं, मग ग्राउट. फ्रिज तीन दिवसांनी, तोही प्लायवुडच्या तुकड्यावरून सरकवत.