अठरा बोटं

चौदा वर्षांची मनी. काकूंनी बास्केट टेबलावर ठेवली नि म्हणाल्या, "डॉक्टर, काटा गेलाय बहुतेक." लंगडणारं मांजर दिसलं की सगळ्यांना आधी काटाच आठवतो. झाकण उघडल्या उघडल्या पुवाचा वास आला. डाव्या पुढच्या पायाच्या अंगठ्याचं नख गोल वळून सरळ पंजाच्या गादीत घुसलेलं. हे नख जमिनीला कधी टेकतच नाही, त्यात म्हातारी मांजरं नखं घासायची बंद होतात, मग जुनी सालं गळत नाहीत आणि नख आपलं जाड होत वाढत राहतं. आधीच्या डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली होती, पण बोटं फाकवून बघायला दहा सेकंद काढले नव्हते. काकूंनी घरी ते पाण्यात दुधाळ होणारं अँटीसेप्टिक लावलेलं, म्हटलं हे मांजराला विष आहे, पाय चाटून पोटात जातं आणि त्यांच्या लिव्हरला ते झेपत नाही. नशीब पॅरासिटामॉल नाही दिली, एका गोळीतही मांजर जाऊ शकतं.

नख मधेच कापलं आणि रुतलेला तुकडा ज्या वळणाने आत गेला त्याच वळणाने अलगद मागे ओढला, सरळ खेचला की गादी फाटते. पू आला, पातळ क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने भोक धुतलं, अँटिबायोटिक, वेदनेचं औषध, गळ्यात प्लास्टिकचा कोन. दर दोन-तीन आठवड्यांनी नखं बघायची, अंगठ्याचं आधी, हे लेक्चरही झालं. मी जाम खूश.

निघताना काकू म्हणाल्या, "मागचा पण चाटते हो." बघितलं, उजव्या मागच्या पायाचं एक बोट जरा सुजलेलं. नखाच्या मुळाशी इन्फेक्शन, म्हटलं याच औषधाने जाईल.

पुढचा पाय पाच दिवसांत भरला. मागचं बोट पंधरा दिवसांनीही तसंच, उलट नख आत जाईना, बाहेरच तिरकं राहिलेलं. एक्स-रे काढला तर बोटाचं शेवटचं हाड अर्धं खाल्लेलं. मग छातीचा काढला. फुफ्फुसात गोल सावली. मांजरात फुफ्फुसाचा कॅन्सर बोटांत उतरतो, आणि कितीदा तर खोकला नाही, धाप नाही, पहिली तक्रार बोटाचीच. कॉलेजात शिकलोय की हे. बोटातून सुईने सॅम्पल घेतलं, त्यात उरलीसुरली शंकाही गेली.

पहिल्या दिवशी कळलं असतं तरी वाचली नसती, हे मला माहितीये, काकूंनाही सांगितलं. पण पुढे पाच-पाच, मागे चार-चार, अठराच बोटं असतात, आणि मी एक नख सापडल्यावर थांबलो. तिच्याकडे थोडेच दिवस उरलेले, त्यातले पंधरा तिने गळ्यात तो कोन घालून काढले, रोज दोनदा तोंड उघडून गोळी. पुढचा पाय पाचव्या दिवशीच भरला होता.