मामाच्या गावची न्याहारी

८ मार्च, रविवार

सकाळी दादाचा फोन. "राइड्सचं नंतर बघू, आधी न्याहारीचं ठरव," म्हणाला. मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे टँपाला चाललोय. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, सईची परीक्षा एप्रिलमध्ये संपतेय. आमच्या लहानपणी मे महिना म्हणजे तासगाव, मामाची द्राक्षबाग आणि विहिरीतलं पोहणं. माझ्या मुलांच्या मामाचं गाव फ्लोरिडात आहे. ओजूने मामाला अजून एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, मोबाइलमध्येच पाहिलंय.

टँपाहून ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड गाडीने दीड तासावर. तिथल्या काही ठरावीक रेस्टॉरंटमध्ये कॅरेक्टर ब्रेकफास्ट असतो. आपण टेबलावर बसून खायचं आणि मिकी, मिनी, पू अस्वल, नाहीतर राजकन्या एकेक करून प्रत्येक टेबलापाशी येतात, मुलांशी खेळतात, वहीत सही देतात, फोटो काढू देतात. याच मंडळींना बाहेर पार्कात भेटायचं तर रांग लावावी लागते, कधी कधी उन्हातही. फ्लोरिडातला मेही तापतोच, वर हवा दमट. आईचे गुडघे आणि ओजूची चार वर्षं बघता बसल्या जागी भेट होणं हेच मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

दादाला विचारलं, न्याहारीच का? रात्रीच्या जेवणालाही कॅरेक्टर येतातच की. तर म्हणाला, "अगं, आठवडाभर तुम्ही पहाटे तीनला टक्क जागे असणार आणि संध्याकाळी सहाला पेंगणार. ताटातच झोपतील पोरं." पटलं. तिकडे आजच घड्याळं एक तास पुढं केलीत. कालपर्यंत आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचं अंतर होतं, आता साडेनऊ. हे लिहून ठेवते, कारण बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि तेही तिकडच्या सकाळी सहाला. म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला.

आम्ही १३ मे ठरवली होती. आईने भिंतीवरचं कालनिर्णय मेपर्यंत उलगडलं आणि म्हणाली, "तेराला एकादशी आहे." मग १४. बारशीचं पारणं तिकडेच सोडेन म्हणाली. त्यामुळे बुकिंगचा दिवस १५ मार्च, पुढचा रविवार. एका अर्थी बरंच झालं, सगळे घरी असू.

सईला विचारायची गरजच नाही. तिला सिंड्रेलाच्या राजवाड्यातच खायचंय. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या मधोमध तो निळ्या कळसांचा राजवाडा आहे ना, त्याच्या आत वरच्या मजल्यावर रेस्टॉरंट आहे. तिने वहीत त्याचं चित्रही काढून ठेवलंय, खिडकीत स्वतः बसलेली. त्या सगळ्यांत महाग तेच. आणि २ एप्रिलला सईला दहावं पूर्ण होतंय. तिथं तीन ते नऊ वर्षांपर्यंत लहान मुलांचा दर, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. आमची सई एका महिन्यात हिशोबाला मोठी बाई होणार. मी दिवसभर दुसऱ्यांच्या हिशोबाच्या वह्या बघते, त्यामुळे असले आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

१० मार्च, मंगळवार

ओजूला मुखवट्याची भीती बसलीय, आणि ती कुठं बसली ते मला नेमकं ठाऊक आहे.

गेल्या मे महिन्यात इथं सांगलीत, विश्रामबागेतल्या एका हॉलवर वाढदिवस होता. मिकीच्या वेशातला एक माणूस बोलावला होता. एका कानाला चिकटपट्टी, हातमोजे धुऊन धुऊन पिवळे पडलेले. पण नाचला झकास. ओजू पुढं बसून टाळ्या वाजवत होता. केक झाल्यावर हात धुवायला म्हणून मी त्याला मागं बेसिनकडे नेलं. तिथं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो माणूस बसलेला. मानेपर्यंत मिकी, वर बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचं तोंड. केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल, तांब्याने मानेवर पाणी ओतत होता. मिकीचं डोकं शेजारी फरशीवर, आमच्याकडे बघत हसणारं.

ओजूने आधी त्या डोक्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. रडला नाही. माझ्या पायाला घट्ट धरलं आणि श्वासच रोखून धरला. त्या पोराच्या लगेच लक्षात आलं. घाईघाईनं उठून डोकं पाठीमागं दडवायला लागला आणि म्हणाला, "घाबरू नको बाळा, मी हितंच वारणालीत राहतोय." अजून दोन ठिकाणी जायचं होतं त्याला त्या दिवशी. मी त्याला सरबताचे दोन ग्लास आणून दिले. त्याची काहीच चूक नव्हती. सांगलीच्या मे महिन्यात ते डोकं घालून अर्धा तास नाचणं सोपं नाही. पण ओजू पुढच्या तीन रात्री दचकून उठत होता, आणि अजूनही दुकानाच्या दारात कुणी वेश घालून उभं दिसलं की रस्ता ओलांडायला लावतो.

आज दादाला हे सगळं सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, तिथं लोकांसमोर डोकं कधीच काढत नाहीत. बरोबर एक मदतनीस असतो, थोड्या थोड्या वेळाने तो त्यांना आत घेऊन जातो. आणि मूल बुजरं आहे असं वाढणाऱ्याला आधी सांगितलं तर कॅरेक्टर लांबूनच हात हलवतं. हे ऐकल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला.

भांडी आवरताना एकदम बहुरूपी आठवला. गावभागातल्या आमच्या घरी यायचा. एकदा पोलीस होऊन आला, हातात वही आणि छडी. "या घरात दूध सांडणारी एक मुलगी आहे, तिच्या नावाचं वॉरंट आहे!" मी आईच्या पदरामागं. पण तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहायचा. कधीच आत यायचा नाही. आई सुपात ज्वारी घेऊन बाहेर येईपर्यंत मी पदरातून एक डोळा बाहेर काढलेला असायचा, आणि तो जायला निघाला की वाईट वाटायचं. पुढच्या खेपेला मीच दाराशी पळत गेले होते. आपल्या गावाला सोंगाचं नवल नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं ते याच सांगलीत. त्या जुन्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकतच रंगमंचावर यायचे, आणि बघणारी पोरंही असणारच की. पण त्यांच्यात आणि राक्षसात अंतर होतं. ओजूला हवंय ते एवढंच. एक उंबरा.

१३ मार्च, शुक्रवार

ठरलं. कसं ठरलं ते लिहिते.

तीन दिवस मी फक्त जागा कुठली भारी हेच बघत होते. कंटेम्पररी रिसॉर्टमधलं शेफ मिकीज, जिथं इमारतीच्या आरपार मोनोरेल जाते आणि सगळे मिळून हातरुमाल गरागरा फिरवतात. रिव्हिएरा रिसॉर्टच्या गच्चीवरचं टोपोलिनोज टेरेस, जिथं मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तकी होऊन येते. ही कल्पना मला फारच आवडली, अजून मनातून जात नाही. ही दोन्ही हॉटेलांत असल्यामुळे त्या दिवसाचं पार्कचं तिकीटही लागत नाही, तो मोठाच फायदा. एपकॉट या दुसऱ्या पार्कात नॉर्वेच्या विभागात राजकन्यांबरोबर न्याहारी असते. ते सईला दाखवलंच नाही.

काल रात्री आई सहज म्हणाली, "ती सिंड्रेला आली तर मी तिच्याशी काय बोलू गं? मला कुठं येतंय इंग्लिश." आणि मला लख्खकन समजलं. राजकन्या बोलतात. त्या चेहऱ्याने, आवाजाने राजकन्या आहेत, इंग्रजीत गोड गोड प्रश्न विचारतात, नाव काय, कुठून आलीस. सई उत्तरं देईल. आई नुसती हसत बसेल, ओजू तर बालवाडीतलं मराठीच बोलतो. पण मिकी, पू, त्याचा दोस्त पिगलेट, पूर्ण वेशातली ही सगळी मंडळी बोलतच नाहीत. हातवारे, मान हलवणं, पोट धरून हसणं, लाजून तोंड झाकणं. तिथं आजी आणि नातू दोघंही कुणाच्याच मागं पडत नाहीत. परदेशात आईला सगळीकडे कुणीतरी समजावून सांगायला लागणार आहे. इमिग्रेशनपासून दुकानापर्यंत. निदान एका टेबलावर तरी तिला दुभाषा लागू नये असं मला फार वाटलं.

मग बाकीचं भराभर सुटत गेलं. रुमाल फिरवण्याचा गलका ओजूला सोसणार नाही, म्हणून शेफ मिकीज नको. टोपोलिनोजमध्ये प्रत्येकाने आपापली डिश मागवायची, आणि आई अंडं खात नाही. तिकडच्या न्याहारीत वॉफल, पॅनकेक, केक, बहुतेक सगळ्यात अंडं असतं. तिच्यासाठी बुफे बरा. फळं, बटाटे, ब्रेड, समोर बघून, विचारून घेता येतं. अंडं नको हे बुकिंगच्या वेळीही कळवून ठेवायचं.

उरलं क्रिस्टल पॅलेस. मॅजिक किंगडममध्येच आहे, १९७१ साली पार्क उघडलं तेव्हापासूनचं. काचेच्या छपराची पांढरी, उजेडाने भरलेली इमारत, अंधारे कोपरे नाहीत. बुफे. आणि तिथं येतात पू, टिगर वाघ, पिगलेट डुक्कर आणि ईयोर गाढव.

हे मी वाचत असताना ओजू शेजारी लोळत होता. पडद्यावरच्या पिवळ्या अस्वलावर बोट ठेवून म्हणाला, "अस्वलमामा!" त्याच्या पांघरुणावर तेच अस्वल आहे, लाल बनियनवालं. गणपती पेठेतून घेतलेलं, तो सहा महिन्यांचा असताना. पू हे नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलंच नव्हतं.

सईला सांगणं अवघड होतं. ऐकून घेतलं, मग बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मी जवळ बसवून नकाशा दाखवला. काचेचा महाल राजवाड्याच्या जवळच आहे, मेन स्ट्रीट नावाचा रस्ता संपतो तिथं. न्याहारी करून बाहेर आलं की समोर राजवाडाच. "आत नाही ना पण," म्हणाली. नाही, आत नाही. मी खोटं बोलले नाही. थोड्या वेळाने स्वतःच आली आणि विचारलं, आजीने शिवलेलं खणाचं परकर-पोलकं घालून आलं तर चालेल का. मी तिला कवटाळलं. दहा वर्षांच्या मुलीने धाकट्या भावासाठी केवढी मोठी गोष्ट सोडली हे मला विसरायचं नाहीये, म्हणून इथं लिहून ठेवतेय.

खर्चाचं: मोठ्यांना माणशी ५० डॉलरच्या आसपास, कर वेगळा. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलातच लावतात, आणि आम्ही आठ. दादाची लेक दोन वर्षांची, तीनच्या आतल्यांना पैसे नाहीत. आईला रुपयांत सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुम्हाला एकदा महाबळेश्वर दाखवलं होतं, तेव्हाही मी असाच हिशोब केला होता. आता त्यातलं फक्त स्ट्रॉबेरी खाताना तुमची लाल झालेली तोंडं आठवतात." पुढं काही बोलली नाही.

१५ मार्च, रविवार

तीन वाजल्यापासून टेबलाशी बसून होते. ह्यांनी दुकानातून दुसरा मोबाइल आणून ठेवला, वायफाय गेलं तर असावा म्हणून. तिकडे दादा पहाटे उठून बसलेला, दोघं फोनवर. तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतचं बुकिंग एकदम आधीच करता येतं, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या वाट्याला उरलेलंच येतं हे धरूनच चाललो होतो.

साडेतीनला उघडलं. आठ जणांचं टेबल दिसेना. मला एकदम रडूच फुटायच्या बेताला आलं, इतकं त्या टेबलात मी मनाने जाऊन बसले होते. दादा शांतपणे म्हणाला, "चार-चार बघ." चौघांचं ९:०५ मला मिळालं, त्याला ९:१५. दोन्ही धरून ठेवली. ऐनवेळी गेलो नाही तर माणशी १० डॉलर दंड आहे, म्हणून नको असलेलं वेळेत सोडायला हवं. वीस मिनिटं तो पुन्हा पुन्हा शोधत राहिला आणि एकदम ओरडला. कुणीतरी सोडलं असावं. आठ जण, ९:४०. आधीची दोन्ही लगेच रद्द केली.

आईने देवापुढं साखर ठेवली. सईने वहीतल्या राजवाड्याशेजारी काचेचा महाल काढायला घेतला.

रात्री झोपताना ओजूने विचारलं, "अस्वलमामा डोकं काढतो?"

"नाही. तिथं कुणीच काढत नाही."

"मराठी बोलतो?"

"तो बोलतच नाही रे. नुसतं ऐकतो."

जरा विचार केला त्याने. "मग मी बोलतो. पण त्याला सांग, लांब उभा राहा. मी ये म्हणलं की ये."

सांगते म्हटलं. दिवा घालवायला गेले तर पलंगाजवळची मोठी बॅग अर्धवट उघडी. आत एकच वस्तू, ते पांघरूण, चार घड्या घालून. दोन महिने आहेत अजून. काढून त्याच्या अंगावर घातलं.