अहवाल येण्याआधीचा दिवस

मे २०२० मध्ये मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका गावाचा ग्रामसेवक होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या दिवशी ज्यांनी लिहिले आणि ज्यांच्याविषयी लिहिले गेले ती घरे आजही एकाच आळीत आहेत. या खोऱ्याचे मुंबईशी नाते जुने आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांचे मंद्रुळकोळे हे गाव इथलेच, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार ज्यांना मिळाला त्यांतली पुष्कळ कुटुंबे याच डोंगरातून मुंबईला गेलेली. आमच्या गावातही घरटी एखादा माणूस वाशीच्या बाजार समितीत किंवा कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत सापडायचा, त्यामुळे गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निम्मा गावात आणि निम्मा मुंबईत होता.

तो ग्रुप ग्रामपंचायतीचा नव्हता. गावातल्या एका तरुणाने जत्रेच्या वर्गणीसाठी तो काढला होता, आणि पाणी सोडण्याची वेळ व घरपट्टीच्या सूचना टाकता याव्यात म्हणून मला त्यात घेतले होते. फेब्रुवारीत त्यावर कोरोनाचे जे काही येई ते बहुतेक चीनवरच्या विनोदांचे असे. मग कोंबडी खाल्ल्याने रोग होतो अशी आवई आली आणि गावातल्या पोल्ट्रीवाल्याला पक्षी मिळेल त्या भावाने विकावे लागले. मार्चच्या अखेरीस शेजारच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात, परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून रुग्णसंख्या पंचवीसच्या आसपास गेली, तेव्हा विमानाने फिरणाऱ्या लोकांवर राग निघाला. एप्रिलमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमाची बातमी आली आणि कुठले, कधीचे हे कुणालाच ठाऊक नसलेले व्हिडिओ दोन बाणांची खूण मिरवत येऊ लागले. कराडहून दर आठवड्याला फळांची गाडी घेऊन येणाऱ्या बागवानाला तेवढ्यावरून शिवेवरून परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो असे निकालात नोंदवले. पण ऑगस्टमधल्या निकालाने एप्रिलमधली सडलेली द्राक्षे भरून येत नाहीत. मेमध्ये मुंबईकर गावी परतू लागले आणि दोष अखेर आमच्याच आळीत येऊन पोचला. त्यानंतर ग्रुपवर विनोद यायचे बंद झाले.

वाशीचा बाजार त्या महिन्यात आठवडाभर बंद ठेवावा लागला होता, वसाहतीतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून कुणाला वेगळे ठेवणे शक्य नव्हते, आणि हाताला काम नव्हते. ई-पास काढून, भाड्याची गाडी करून माणसे येत होती. बाहेरून आलेल्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचे, त्यांच्या हातावर शिक्का आहे का पाहायचे, जेवणाची सोय घरच्यांकडून करायची, ही कामे सरपंच, मी, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका अशा ग्रामसमितीकडे होती. ज्या दिवसाविषयी मी लिहितो आहे, त्याच्या आदल्या रात्री शाळेतल्या एका माथाडी कामगाराला ताप चढला. आशाताईंनी मला फोन केला, मी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले, १०८ ची गाडी आली आणि त्यांना कराडला घेऊन गेली. घशातल्या स्रावाचा नमुना घेतला जाईल आणि अहवाल यायला एक-दोन दिवस लागतील, एवढेच आम्हाला सांगण्यात आले.

सकाळी मी फोन उघडला तेव्हा ग्रुपवर अहवाल येऊन गेलेला होता. म्हणजे ग्रुपने तो स्वतःच तयार केला होता. पहाटे कुणीतरी रुग्णवाहिकेचा अंधारातला फोटो टाकला होता. त्याखाली आधी प्रश्न होते: कोण आहे, कुठल्या वर्गात होता, पाणी कुठून भरत होता. हे प्रश्न रास्त होते आणि त्यांची उत्तरे आमच्याकडे होती, पण उत्तर देणारी माणसे रात्रभर जागून झोपली होती. अर्ध्या तासाने प्रश्नांचा सूर बदलला. “शाळेत कशाला ठेवलं, रानात ठेवायचं हुतं.” “आशाला ठावं हुतं, तिनं दाबून ठिवलं.” मग एका आवाजी संदेशात असे आले की तो माणूस दोन रात्री आधी दूध संकलन केंद्रावर दिसला होता. हे ऐकून संकलन केंद्राच्या सचिवांनी त्या आळीचे दूध घेणे थांबवले. किटल्या घेऊन आलेली माणसे सकाळी सात वाजता परत फिरली, आणि त्यांच्यापैकी काहींचा तर मुंबईशी दूरचाही संबंध नव्हता.

त्यानंतर यादी आली. गाडीच्या ई-पासचा फोटो होता तो, चालकासह सगळ्या प्रवाशांची नावे असलेला. आजारी माणसांची किंवा विलगीकरणात असलेल्यांची नावे, पत्ते समाजमाध्यमांवर टाकू नयेत असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच बजावले होते. मी अॅडमिनला फोन केला तर तो म्हणाला, “भाऊसाहेब, माझ्या हातात काय न्हाई. ज्यानं टाकलं त्यालाच पुसता येतंय.” ते खरे होते. त्या काळी अॅडमिनला दुसऱ्याचा संदेश काढता येत नसे, आणि ज्याने टाकला त्यालाही साधारण तासाभराच्या आतच तो सर्वांसाठी पुसता येई. तो तास उलटून गेला होता. मग अॅडमिनने फक्त अॅडमिनच लिहू शकतील अशी व्यवस्था केली, आणि आता शांतता झाली असे त्याला वाटले. माझ्या अंदाजाने पंधरा मिनिटांत तीच चर्चा आळीच्या ग्रुपवर, तरुण मंडळाच्या ग्रुपवर आणि दूध उत्पादकांच्या ग्रुपवर सुरू झाली. फरक एवढाच की यांतल्या एकाही ग्रुपमध्ये मी नव्हतो, आशाताई नव्हत्या आणि मुंबईकरही नव्हते. ज्यांच्यावर दोष ठेवला जात होता त्यांना ऐकूही येणार नाही अशा ठिकाणी तो जाऊन बसला. मी अॅडमिनला ग्रुप पुन्हा खुला करायला सांगितले. सरपंचवहिनींना ते पटले नाही, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती, कारण त्यांच्या नावाने आदल्या आठवड्यातच बरेच काही लिहून झाले होते.

ग्रुप खुला होताच मुंबईहून पहिला संदेश आला. लिहिणारे गृहस्थ आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचे जुने कार्यकर्ते होते. त्यांनी लिहिले होते: “देवळाच्या शिखराला वर्गणी लागली तेव्हा आम्ही गाववाले होतो. ताप आला तर आम्ही मुंबईकर झालो काय?” याला बराच वेळ कुणी उत्तर दिले नाही. मग एकाने लिहिले, “आमची म्हातारी माणसं मेली तर वर्गणी परत देणार का?” मला या दोन वाक्यांत त्या सगळ्या वादाचा गाभा दिसला. दोघांनाही मरणाची भीती होती, आणि दोघांपैकी कुणीही तो शब्द लिहिला नव्हता. आमच्या भागात पुरुषमाणूस चारचौघांत ‘मला भीती वाटते’ असे सहसा म्हणत नाही; तो ‘हे कुणामुळे झाले’ असे विचारतो. आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी ग्रुप वाचताना पाहिली. सर्वांत कडक लिहिणारे शाळेपासून लांब, वरच्या वाडीत राहणारे होते. शाळेच्या भिंतीला भिंत लागून ज्यांची घरे होती, ते दोन्ही वेळा भाकरीचे डबे पायरीवर ठेवून येत होते आणि ग्रुपवर गप्प होते.

साडेदहाला समिती देवळाच्या पटांगणात अंतर ठेवून बसली. दूध, शिवेवर टाकलेल्या बाभळीच्या काट्या आणि आशाताईंना झालेली शिवीगाळ, असे तीन विषय होते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी २२ एप्रिलला साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली होती, हिंसाचाराला पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठरली होती. पोलीस पाटलांनी ते वाचून दाखवले तेव्हा पटांगणाच्या कडेला उभी असलेली पोरे पांगली. मूळ कायदा १८९७ चा, प्लेगच्या साथीत केलेला. त्याच वर्षी १० मार्चला, याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना पुण्यात त्याच रोगाने गेल्या. हे मी तिथे बोललो नाही. बोललो असतो तर भाषण झाले असते आणि दूध तसेच राहिले असते.

बोलल्या त्या देवळाशेजारच्या एक आजी. ओसरीवरून सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “आमच्या येळी मरीआईचा गाडा वढत न्यायचं आन शिवंपल्याड सोडून यायचं. म्होरल्या गावानं त्यो त्यांच्या शिवंपल्याड न्यायचा. तुम्ही तसंच करताय.” सगळे हसले. पण मला वाटले, गाड्याच्या त्या रीतीत एक बरे होते: त्यावर देवीची मूर्ती असे, बायका-मुलांसह गाडीतून आलेला माणूस नसे. रोग शिवेपलीकडे ढकलला तरी शेजारच्या घराशी वैर धरावे लागत नव्हते.

दुधाचा प्रश्न आशाताईंच्या वहीने सुटला. शाळेतल्या प्रत्येकाची रोजची सकाळ-संध्याकाळची विचारपूस त्यांनी त्यात वेळेसह लिहिली होती, आणि ज्या रात्री तो गृहस्थ संकलन केंद्रावर दिसल्याचे सांगितले जात होते, त्या रात्री तो अजून गावात आलेलाच नव्हता. सचिवांनी वही स्वतः पाहिली. आवाजी संदेश पाठवणाऱ्यालाही बोलावले; त्याने कुणाला पाहिले नव्हते, दुसऱ्याकडून ऐकले होते, आणि तो दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवत होता. संध्याकाळचे दूध सगळ्या आळ्यांचे घेतले गेले.

दुपारी मी ग्रुपवर एक लांबलचक संदेश लिहिला. आम्हाला काय माहीत आहे ते लिहिले: ते कधी आले, ताप कधी आला, शाळेबाहेर गेले नाहीत, त्यांचे पाणी शाळेच्याच टाकीतले होते आणि त्या टाकीचा नळ गावच्या नळाशी जोडलेला नाही. काय माहीत नाही तेही लिहिले: अहवाल. त्यात लागण दिसली तर कुणाकुणाला कराडला जावे लागेल, किती भाग बंद होईल आणि किराणा कोण पोचवेल, हेही लिहिले, कारण सकाळपासूनच्या रागाखाली खरा प्रश्न किराण्याचा आणि वैरणीचा होता असे माझे मत झाले होते. शेवटी लिहिले की अहवाल येवो न येवो, संध्याकाळी सात वाजता मी पुन्हा लिहीन. तालुक्याच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने फोनवर मला वेड्यात काढले. “अहवाल नसताना लिहिणार काय?” असे तो म्हणाला. सरकारी सवयीने पाहिले तर त्याचे बरोबर होते. आपल्याकडे सांगण्यासारखे काही झाल्यावरच सांगतात. पण त्या काळात सांगण्यासारखे काही होईपर्यंतच्या मधल्या तासांत गावे पेटत होती.

सातला मी लिहिले: “अहवाल आलेला नाही. रुग्णाचा ताप उतरला आहे. उद्या सकाळी नऊला पुन्हा लिहितो.” यात नवे काहीच नव्हते, तरी त्याखाली “ठीक आहे भाऊसाहेब” असे जेवढे आले तेवढे मला त्या ग्रुपवर कधी आले नव्हते. मग सैन्यातून निवृत्त झालेले आमचे सुभेदार आबा, जे सकाळी काट्या टाकण्याच्या बाजूने सर्वांत जोरात होते, त्यांनी लिहिले, “घरात मंडळींना दमा आहे. मला झोप लागत नाही.” त्यावर मुंबईच्या त्या कार्यकर्त्यांनी दम्याच्या औषधाचे नाव विचारले आणि कराडच्या एका दुकानात ते आहे का हे फोन करून पाहिले. सगळे शांत झाले असे मात्र म्हणता येणार नाही. रात्री दोघे जण ग्रुप सोडून गेले, आणि बागवानाची गाडी त्यानंतर कित्येक महिने आमच्या गावात आली नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्या गृहस्थांना लागण झालेली होती. त्यांची पत्नी, मुले आणि गाडीतले सहप्रवासी कराडला गेले, शाळेचा परिसर प्रतिबंधित झाला, आणि किराणा लिहिल्याप्रमाणे पोचला. पुढचा वाद निघाला तो ते बरे होऊन परतले तेव्हा. ८ मेच्या नव्या नियमाप्रमाणे सौम्य लक्षणांच्या रुग्णाला दहा दिवसांनी, सलग तीन दिवस ताप नसेल तर दुसरी चाचणी न करता घरी सोडत होते, आणि “टेस्ट न करता कसं सोडलं?” हा प्रश्न ग्रुपवर दोन दिवस फिरला. या वेळी तो प्रश्न त्यांना न विचारता मला विचारला गेला, हे मला बरे वाटले.

यादी टाकणाऱ्या तरुणावर तक्रार करावी असा समितीतल्या काहींचा आग्रह होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५४ त्याला लागले असते की नाही हे मला सांगता येत नाही, कारण ते खोटी भीती पसरवणाऱ्यासाठी आहे आणि यादीतली नावे तर खरी होती. तो रोज आळीतले दूध मोटारसायकलवरून नेणारा मुलगा होता, घरी बाळंतीण बहीण होती, आणि पास त्याला गाडीच्या चालकानेच पाठवला होता. मी त्याला घरी जाऊन भेटलो. ती यादी कुणी पुढे पाठवू नये असे त्याने स्वतःच्या नावाने ग्रुपवर लिहिले. पुढच्या महिन्यात अफवांच्या प्रकरणांची माहिती वरून मागवण्यात आली तेव्हा ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात मी ‘समज देण्यात आली’ असे भरले.