तुम्ही विचारलंत म्हणून: हॉकीतला सगळ्यात भिकार करार डीपिएट्रोचा नाही

टोरंटोत राहते आणि आइस हॉकी बघते म्हटल्यावर इथली मराठी मंडळी असोत की पुण्याचे नातेवाईक, मला दोनच प्रश्न येतात. पहिला, तो पक (खेळातली ती छोटी रबरी चकती) डोळ्याला दिसतो तरी कसा. (दिसतो, थोडे दिवस बघा, सवय होते.) दुसरा प्रश्न असा, की अगं तो कोण गोलकीपर आहे ना, खेळणं सोडून दहाबारा वर्षं झाली तरी पगार घेतो म्हणे, खरं का हे, आणि मग सगळ्यात वाईट करार तोच ना?

पहिल्या भागाचं उत्तर, हो, खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर, नाही, आणि ते सांगायला जरा वेळ लागतो म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट समजून घ्या कारण आपण आयपीएलच्या हिशोबाने विचार करतो. तिथे सीझन संपला की टीमला नको असलेल्या खेळाडूला ती सोडून देते, तो परत लिलावात येतो, विषय संपला. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगमध्ये, असं नाही. तिथे सात वर्षांची सही केली म्हणजे सात वर्षांचे पैसे लागतात, फॉर्म गेला तरी, गुडघा गेला तरी. सोडायचंच असेल तर बायआउट करायचा, म्हणजे उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश पैसे (सव्विसाच्या आतला असेल तर एक तृतीयांश) उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत चुकवायचे. आणि वर सॅलरी कॅप आहे. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला, त्यातून ही कॅप आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ९० लाख डॉलर, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. एका टीमला सगळ्या खेळाडूंवर मिळून एवढेच खर्च करता येतात. म्हणजे वाईट करार हा नुसता मालकाच्या खिशाचा प्रश्न राहत नाही, त्या पैशात दुसरा कोणी येऊ शकला असता तो येत नाही. माझ्या मते करार वाईट की चांगला हे इथे ठरतं, आकड्याची लांबी बघून नाही.

आता तो गोलकीपर. रिक डीपिएट्रो, न्यूयॉर्क आयलँडर्स, सप्टेंबर २००६, पंधरा वर्षांचा करार, ६ कोटी ७५ लाख डॉलर. पंधरा वर्षं हे ऐकूनच लोक हसतात. त्यात भर म्हणजे करार देणारा जनरल मॅनेजर गार्थ स्नो हा आदल्या सीझनपर्यंत त्याच टीमचा राखीव गोलकीपर होता, मालक चार्ल्स वांग यांनी नील स्मिथ नावाच्या अनुभवी माणसाला जेमतेम चाळीस दिवसांत काढून स्नोला थेट खुर्चीवर बसवला, असा तो सगळा कारभार. पहिली दोन वर्षं डीपिएट्रो चांगला खेळला हो, साठच्या वर मॅचेस दोन्ही वर्षी, २००८ च्या ऑल-स्टारलाही (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला) गेला. आणि तिथेच कंबरेला दुखापत करून घेतली. मग गुडघे, मग ऑपरेशनं, मग २०११ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गच्या गोलकीपरशी मारामारी, त्याने एकच ठोसा मारला आणि याच्या चेहऱ्याची हाडं मोडली. शेवटच्या पाच सीझनमध्ये मिळून पन्नास मॅचेस. २०१३ ला बायआउट झाला, उरलेल्या आठ वर्षांचे ३ कोटी ६० लाख होते, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे २ कोटी ४० लाख, सोळा वर्षांत, म्हणजे २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख डॉलर घरपोच.

विनोद म्हणून झकास आहे. पण हिशोब करा. वर्षाला ४५ लाख म्हणजे पहिल्या नंबरच्या गोलकीपरसाठी तेव्हाही काही भयंकर रक्कम नव्हती, चांगला राहिला असता तर स्वस्तच पडला असता. आणि २०१३ चा तो बायआउट साधा नव्हता, लीग आणि खेळाडूंमधल्या नवीन लेबर करारात प्रत्येक टीमला असे दोन बायआउट दिले होते जे कॅपमध्ये धरलेच जात नाहीत. त्यामुळे दरवर्षीचे ते १५ लाख टीमच्या हॉकीला शून्य त्रास देतात, त्रास फक्त मालकाच्या चेकबुकाला. शिवाय दुखापतीला कोण काय करणार, माणूस दरवेळी ऑपरेशन करून परत येऊन उभा राहत होता, त्याला नावं ठेवणं मला जमत नाही.

माझं मत अलेक्सी याशिनला. म्हणजे याशिनच्या कराराला, आणि गंमत बघा, टीम तीच.

याशिन हा ऑटावा सेनेटर्सने ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात त्यात) घेतलेला पहिलावहिला खेळाडू, १९९२, दुसरा नंबर. खेळाडू म्हणून अस्सल, १९९८-९९ ला ९४ पॉइंट्स (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून). पण करारावर सही केली की सहा महिन्यांत ती कमी वाटायला लागायची असा स्वभाव, १९९९-२००० ला करारात एक वर्ष शिल्लक असताना हा पगारवाढ द्या म्हणून अख्खा सीझन घरी बसला, शेवटी लवादाने सांगितलं की बाबा ते वर्ष तू अजून देणं लागतोस, मग परत आला. ऑटावाला तो नकोच होता. सगळ्या लीगला माहीत होतं की नकोय. अशा माणसाला २००१ च्या जूनमध्ये आयलँडर्सच्या माइक मिलबरीने काय देऊन घेतला? बिल मकॉल्ट, ठीक आहे. दुसऱ्या नंबरचा ड्राफ्ट पिक, म्हणजे निवडीचा हक्क, त्यातून ऑटावाने जेसन स्पेझा घेतला आणि तो पुढे दहाबारा वर्षं त्यांचा मुख्य सेंटर झाला. आणि झ्डेनो चारा. सहा फूट नऊ इंच, तेव्हा चोवीस वर्षांचा, पुढे २००९ ला लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन, २०११ ला बॉस्टनचा कॅप्टन म्हणून स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, उचलला, आणि २०२५ ला हॉल ऑफ फेममध्ये. हे दोघे दिले आणि वर सप्टेंबरमध्ये याशिनला दहा वर्षांचे ८ कोटी ७५ लाख डॉलर दिले!

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी ते फसलं नव्हतं. याशिनने ७५ पॉइंट्स केले, मायकल पेका आणि गोलकीपर ख्रिस ऑसगुडही त्याच वर्षी आले, आयलँडर्स १९९४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेले आणि आमच्या टोरंटोच्या लीफ्सकडून सात मॅचेसमध्ये हरले. इथे अजूनही लोक ती सिरीज आठवतात, बर्फापेक्षा रक्त जास्त सांडलं होतं म्हणतात. नंतर मात्र उतरणच.

पण माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. २००५ ला कॅप आली तेव्हा लीगने सगळ्यांना एकदाच संधी दिली होती, जुने जड करार बायआउट करा, कॅपमध्ये धरणार नाही. फिलाडेल्फियाने केलं, डेट्रॉइटने केलं, नावाजलेले खेळाडू त्या उन्हाळ्यात रस्त्यावर आले. आयलँडर्सने काय केलं, तर पेकाला एडमंटनला पाठवलं आणि याशिनला कॅप्टन केलं. दोनच वर्षांनी, २००७ ला, त्याच याशिनला बायआउट केलं, आता मात्र कॅपमध्ये धरून, चार वर्षं उरली होती म्हणजे आठ वर्षं. २०१४-१५ पर्यंत हा माणूस आयलँडर्सच्या कॅपवर बसलेला, त्यातली बरीच वर्षं तो रशियात खेळत होता. फुकटात सुटायचं दार उघडं होतं तेव्हा आत बसून राहिले, बंद झाल्यावर पैसे भरून बाहेर पडले. आणि हे घरात चालू असतानाच डीपिएट्रोची पंधरा वर्षं!

म्हणून कोणी डीपिएट्रो म्हटलं की मी विचारते, त्याच्यापायी टीमने नक्की कोण गमावलं? (तसं त्याचंही एक उत्तर आहे. २००० ला डीपिएट्रोला पहिल्या नंबरवर घेता यावं म्हणून याच मिलबरीने रॉबर्टो लुआँगोला फ्लोरिडाला देऊन टाकलं होतं. पण ते पाप ड्राफ्टचं, कराराचं नाही.)

आता टोरंटोत राहून डेव्हिड क्लार्कसनचं नाव घेतलं नाही तर शेजारी बोलायचे बंद होतील. टोरंटोचाच पोरगा, न्यू जर्सीसाठी एकदा तीस गोल केलेले, २०१३ च्या जुलैत लीफ्सने सात वर्षांचे ३ कोटी साडेसदुसष्ट लाख दिले. सराव मॅचमध्येच सहकाऱ्याला वाचवायला बेंचवरून उडी मारून मारामारीत शिरला, नियमाने दहा मॅचेस बाहेर, आणि मग पहिल्या सीझनला साठ मॅचेसमध्ये पाच गोल. करारातला मोठा हिस्सा सायनिंग बोनसमध्ये होता आणि बायआउट केला तरी बोनस पूर्ण द्यावा लागतो, म्हणजे सुटकाच नाही. मग लीफ्सने जे केलं ते मला आजही कमाल वाटतं. कोलंबसकडे नेथन हॉर्टन होता, त्याची पाठ कायमची गेलेली, पुन्हा कधी खेळणार नव्हता, आणि कराराचा विमा नव्हता म्हणजे कोलंबस खिशातून भरत होतं. लीफ्सकडे पैसा बक्कळ, अडचण फक्त कॅपची, आणि दीर्घ दुखापतीवरच्या खेळाडूएवढी रक्कम कॅपच्या वर खर्च करता येते. तर २०१५ ला धडधाकट क्लार्कसन देऊन त्यांनी न खेळू शकणारा हॉर्टन मुद्दाम घेतला. पुढे क्लार्कसनचीही पाठ गेली, कोलंबसने त्याला वेगसच्या टीमच्या गळ्यात बांधताना वर पहिल्या फेरीचा पिक आणि विल्यम कार्लसन दिला, त्या कार्लसनने लगेच ४३ गोल ठोकले. आणि २०१९ ला, मिच मार्नरचा करार व्हायचा होता तेव्हा, लीफ्सने क्लार्कसनला परत आणलं, का तर आता तोही दुखापतीवर होता आणि तेवढी जागा मिळत होती. त्या सीझनला हॉर्टन आणि क्लार्कसन, ज्यांची अदलाबदल झाली होती ते दोघंही, टोरंटोच्याच पगारावर. एकही बर्फावर नाही.

इल्या कोवालचुक या रशियन खेळाडूच्या कराराबद्दल पण विचारतात. तो वाईट नाही, तो लबाड करार होता. २०१० ला न्यू जर्सीने सतरा वर्षांचे १० कोटी २० लाख लिहिले, शेवटची पाच वर्षं फक्त साडेपाच लाख पगार, कारण कॅपला सरासरी धरायचे, म्हणून शेपूट लांब करून सरासरी खाली आणायची. चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत कोण खेळतंय! लीगने करार रद्द केला, लवादाने लीगची बाजू घेतली, मग पंधरा वर्षांचे १० कोटी असा सुधारून घेतला, टीमला दंडही झाला. आणि २०१३ ला बारा वर्षं बाकी असताना कोवालचुक निवृत्ती जाहीर करून रशियात खेळायला गेला. तोपर्यंत न्यू जर्सीला २०१२ ची फायनल मिळाली होती, आणि बारा वर्षांचं ओझं स्वतःहून उतरलं, मला तर त्यांचं नशीबच वाटतं. लुआँगोचाही असाच शेपटीवाला करार होता व्हँकुव्हरमध्ये, त्याला ट्रेड करता येईना तेव्हा त्याने स्वतःच कॅमेऱ्यासमोर आपल्या कराराला शिवी घातली होती.

हे सगळं बघून लीगने २०१३ पासून आठ वर्षांची मर्यादा घातली, दुसऱ्या टीममधून आलेल्याला सात, आणि २०२६ च्या लेबर करारात तीही सात आणि सहा केली आहे. त्याने काही थांबलं का, तर २०१६ चा १ जुलै बघा, लुचिचला एडमंटनकडून सात वर्षं, लॅडला आयलँडर्सकडून सात (हो, परत तेच), एरिक्सनला व्हँकुव्हरकडून सहा वर्षांचे ३ कोटी ६० लाख. एरिक्सनने नव्या टीमच्या पहिल्याच मॅचला पक मागे सरकवला तो थेट स्वतःच्या रिकाम्या गोलमध्ये गेला. पहिल्याच मॅचला!