आर्केड मशीन बंद पडलंय? ट्यूबला शिव्या द्यायच्या आधी पाच व्होल्ट मोजा

जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, चालू झालं नाही की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, पिक्चर ट्यूब गेली का. बहुतेक वेळा नाही हो. ट्यूब सगळ्यात शेवटी जाते, तिच्या आधी फ्यूज होल्डर, कनेक्टर, कॅपॅसिटर अशी स्वस्तातली मंडळी जातात आणि बदनाम होते ट्यूब.

आधी एवढंच ठरवा की गेम मेलाय का फक्त चित्र मेलंय. कॉइन स्विच दाबा, स्टार्ट दाबा, आंधळेपणाने दोन मिनिटं खेळून बघा. आवाज आला म्हणजे बोर्ड (गेम चालवणारं सर्किट) जिवंत आहे, थेट मॉनिटरकडे वळा. नुसता आवाज नाही म्हणून बोर्ड मेला असं मात्र धरू नका, नाणं टाकेपर्यंत गप्प बसायची सेटिंग बऱ्याच गेममध्ये असते.

काहीच हालचाल नसेल तर पावर. आणि इथे एक मजा असते, बऱ्याच कॅबिनेटमध्ये मागच्या दरवाज्याला एक स्विच असतो, दरवाजा उघडला की मशीनची पावर कट. माणूस दरवाजा उघडून तासभर मीटर घेऊन बसतो आणि कुठेच करंट सापडत नाही! रिपेअरिंगसाठी तो स्विच बहुतेक बाहेर ओढून ठेवता येतो. मग फ्यूज. काचेतून तार धड दिसली म्हणून फ्यूज चांगला असं नसतं, मशीनचा प्लग काढून, फ्यूज होल्डरमधून बाहेर काढून मीटरवर चेक करा, आणि होल्डरच्या क्लिपा सैल झाल्यात का काळ्या पडल्यात ते पण बघा. उडाला तर त्याच रेटिंगचा टाका. मोठा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

आता मुद्द्याचं. गेम बोर्ड ज्यावर चालतो ते पाच व्होल्ट पावर सप्लायच्या टर्मिनलवर मोजून काही उपयोग नाही, ते गेम बोर्डवर, एखाद्या चिपच्या पायावर मोजायचे, बोर्ड जोडलेला आणि चालू असताना. जुन्या टीटीएल चिपा (त्या काळच्या लॉजिक चिपा) 4.75 ते 5.25 व्होल्टमध्ये नीट चालतात, त्याखाली गेलं की गेम आपोआप रिसेट होतो, स्क्रीनवर कचरा दिसतो, कधी चालतो कधी नाही. सप्लायवर 5.1 आणि बोर्डवर 4.6 दिसत असेल तर मधला अर्धा व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ला जातोय. लोक काय करतात, सप्लायवरचा व्होल्टेज ॲडजस्ट करायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवतात आणि गेम चालतो म्हणून खुश होतात. पण हिशोब बघा ना, 5 अँपिअर करंट आणि खराब कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स 0.1 ओहम, म्हणजे 0.5 व्होल्ट तिथेच पडले आणि अडीच वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत. पिन तापते, आणखी काळी पडते, रेझिस्टन्स आणखी वाढतो, तुम्ही आणखी स्क्रू फिरवता. शेवटी कनेक्टरचं प्लॅस्टिकच वितळतं.

1980 च्या पॅक-मॅनच्या बोर्डांची हीच कथा आहे, त्यात एसी सरळ एज कनेक्टरमधून (बोर्डच्या कडेला बसणाऱ्या कनेक्टरमधून) बोर्डवर येतो आणि डीसी तिथेच तयार होतो, त्यामुळे त्या पिना जळलेल्या हमखास सापडतात. 1985 मध्ये गेम बोर्ड आणि कॅबिनेट जोडायचं जामा स्टँडर्ड आलं, 56 कॉन्टॅक्टचं, त्यात पाच व्होल्टला चार कॉन्टॅक्ट दिलेत ते काही उगाच नाही. पण स्वस्तातल्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कधीकधी चारातल्या एकालाच वायर जोडलेली असते. तेव्हा कॉन्टॅक्ट साफ करा, जळालेला कनेक्टर सरळ बदला, ग्राउंडची वायर पण तेवढीच जाड ठेवा, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

मॉनिटरकडे जायच्या आधी सिरियसली वाचा. मोठ्या कलर ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे हाय व्होल्टेजच्या टोकावर, वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. डिस्चार्ज करायचा तो ट्यूबच्या बाहेरच्या ग्राउंड पट्टीला, चॅसिसवरच्या कुठल्याही ग्राउंडला नाही. बऱ्याच जुन्या मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळं ठेवणारा) लागतोच, डायरेक्ट मेन्सला लावला तर चॅसिसच करंट मारते. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर मॉनिटर जाणकाराकडे द्या, त्यात काही कमीपणा नाही.

ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसतो का बघा. तो उजेड हीटरचा, आणि हीटरला बहुतेक फ्लायबॅककडूनच (हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडून) पावर मिळते, म्हणून उजेडच नाही तर आधी मॉनिटरचा फ्यूज, मग हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (फ्लायबॅकला चालवणारा) शॉर्ट आहे का. तो शॉर्ट असला की नवा फ्यूज लगेच उडतो, त्यामुळे फ्यूजचं पाकीट संपवत बसू नका. मधोमध एकच आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल सेक्शन (चित्र वरखाली पसरवणारा भाग), आणि तिथे पार्ट बदलायच्या आधी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेले किंवा तडकलेले सांधे, शोधा, बऱ्याचदा तेवढ्यातच काम होतं. चित्र कडेला साप गेल्यासारखं वळवळतंय तर फिल्टर कॅपॅसिटर. चित्र घरंगळतंय तर सिंकची (चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलची) वायर. एक रंग गायब असेल तर बोर्डकडून येणारी त्या रंगाची आणि दुसऱ्या एखाद्या रंगाची वायर अदलाबदल करा, दोष दुसऱ्या रंगात गेला तर बोर्ड किंवा वायरिंग, जागचा हलला नाही तर मॉनिटर. ही युक्ती मला सगळ्यात आवडते, फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

1979 च्या ॲस्टेरॉइड्ससारख्या व्हेक्टर गेमना, म्हणजे ज्यात किरण सरळ रेषा काढून चित्र बनवतो त्यांना, मात्र हे लागू नाही. त्यांच्या मॉनिटरवर स्पॉट किलरची लाल एलईडी असते, ती पेटलेली असेल तर किरण हलवणारा सिग्नल मिळत नाहीये म्हणून ट्यूब जळू नये यासाठी मॉनिटरने स्वतःच चित्र बंद केलंय. म्हणजे दोष बोर्डचा पण असू शकतो.

सगळं जमलं की मशीन तासभर चालू ठेवा आणि बोर्डवरचे पाच व्होल्ट परत मोजा, थंड असताना गोड वागणारे सप्लाय गरम झाल्यावर घसरतात.