घ्यावं की थांबावं? एडिटिंगच्या मशीनचा माझा अनुभव

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. मुलाखती, छोटे माहितीपट, अधूनमधून एखाद्या संस्थेच्या कामाची फिल्म. २०२४ च्या अखेरीपर्यंत हे सगळं मी इंटेलच्या आय७-६७०० वर करत होते. चार कोअर, १६ जीबी रॅम, सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. दोन्ही साधारण एकाच काळातले, २०१५-१६ चे. एचडी फुटेजसाठी या मशीनने कधी त्रास दिला नाही. मग माझ्यासाठी शूट करणाऱ्या मैत्रिणीने सोनी ए७ फोर कॅमेरा घेतला आणि १० बिट ४:२:२, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) अशा फाइली यायला लागल्या. टाइमलाइनवर प्ले दाबलं की आवाज पुढे आणि चित्र जागच्या जागी. बोलणाऱ्या माणसाचा श्वास कुठे तुटतो ते बघून कट मारायचा असतो, आणि नेमकं तेच दिसेना.

ज्याला त्याला विचारलं तेव्हा दोन टोकाची उत्तरं आली. एक, आत्ताच घेऊन टाक, हार्डवेअरची वाट बघायला लागलीस तर आयुष्यभर बघत बसशील. दुसरं मैत्रिणीचं: "अगं, थांब की जरा. एनव्हिडियाच्या कार्डांची ५० सिरीज येतेय, आत्ता घेतलंस तर दोन महिन्यांत हळहळशील." दोघांचंही बोलणं खोटं नव्हतं. पण माझं घोडं नेमकं कुठे अडलंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तोवर मलाही नव्हतं. म्हणून खरेदीचा विचार बाजूला ठेवून आधी ते शोधायचं ठरवलं.

त्यासाठी काही वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जाऊन ग्राफिक्स कार्डाचे आलेख समोर ठेवले आणि क्लिप सुरू केली. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन चिकटला. कार्डाची 'व्हिडिओ डीकोड' (दाबलेला व्हिडिओ उलगडणं) नावाची रेघ मात्र तळाला सपाट, जरासुद्धा हलेना. मग फोनवर काढलेली एक क्लिप लावली. तीही ४के, तीही एच.२६५. ही रेघ लगेच वर आली, प्रोसेसर निवांत झाला आणि व्हिडिओ सुरळीत चालला. म्हणजे अडचण ४केची नव्हती, एच.२६५ ची नव्हती, मशीन जुनं झालं एवढीही नव्हती. अडचण होती ४:२:२ ची.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा निर्णय यावर फिरला. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलची उजेडाची नोंद पूर्ण ठेवतो, रंगाच्या नोंदीत काटछाट करतो. ४:२:० मध्ये रंगाच्या नोंदी उजेडाच्या चौथाई उरतात, ४:२:२ मध्ये निम्म्या. शिवाय ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. चेहऱ्याचा रंग नंतर दुरुस्त करायचा असेल किंवा मागच्या भिंतीवरचा उजेड पट्टे न पडता उतरवायचा असेल, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. मैत्रिणीने हा फॉरमॅट हौसेने निवडलेला नव्हता, आणि तिला "साधं शूट कर" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पण हा फॉरमॅट उलगडायला चिपमध्ये त्यासाठीच केलेली सोय लागते. ती नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

मग ती सोय कोणाकडे आहे ते शोधायला बसले. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं. एएमडीच्या रायझेन ७००० आणि ९००० मधलं अंगभूत ग्राफिक्स उलगडत नाही. आणि एनव्हिडियाच्या ४० सिरीजमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात महागड्या आरटीएक्स ४०९० मध्येसुद्धा, ती सोय नाही. ही शेवटची गोष्ट मी पुन्हा पुन्हा तपासली, कारण मला सल्ला देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने सुरुवात कार्डापासून केली होती. ४० सिरीजचं कार्ड घेतलं असतं तर रंगकाम, नॉइज काढणं, एक्सपोर्ट हे सगळं पळालं असतं. प्ले दाबल्यावर चित्र अडतं त्याला काडीचाही उपयोग झाला नसता.

५० सिरीजमध्ये ४:२:२ येणार का? तेव्हा याबद्दल फक्त अफवा होत्या. अफवांवर पैसे किंवा महिने लावायचे नाहीत, याबाबत मी कडक आहे. नुसती अफवाच नाही, जाहीर झालेली गोष्टही बदलते. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० चं १२ जीबीचं मॉडेल जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय नावाने बाजारात आलं. आणि बाजारात आलं म्हणजे हातात आलं असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ३० सिरीज आली तेव्हा चिपांचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग यांच्यामुळे लोक वर्षभराहून जास्त काळ कार्डासाठी वणवण करत होते.

इथे मला माझा मार्ग दिसला. घ्यावं की थांबावं हा प्रश्न सगळे अख्ख्या मशीनला मिळून एकदाच विचारतात, आणि म्हणूनच त्याचं उत्तर सापडत नाही. मशीन एका तारखेला जुनं होत नाही. प्रोसेसरचं चक्र वेगळं, कार्डाचं वेगळं, रॅमचं गणित वेगळं. कॅबिनेट आणि पॉवर सप्लायसाठी तर कशाचीच वाट बघायची नसते. मी प्रत्येक भागाला वेगळं विचारलं: यातलं पुढचं मॉडेल माझी कोणती अडचण सोडवणार आहे, आणि त्याची तारीख ठरली आहे का? दोन्हींची उत्तरं मिळाली तरच थांबायचं.

प्रोसेसरचं उत्तर लवकर मिळालं. तो आत्ता हवा आणि इंटेलचाच हवा. पण इंटेलबाबत मनात धाकधूक होती. १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर काही लोकांकडे अस्थिर होऊन क्रॅश होत होते. जुलै २०२४ मध्ये इंटेलने कारण सांगितलं: मायक्रोकोडमधल्या, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांमधल्या, चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या चिपला त्या व्होल्टेजचा फटका आधीच बसलाय, ती दुरुस्तीने पूर्ववत होत नव्हती. न वापरलेली नवी चिप घ्यायची आणि पहिल्या दिवशीच बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करायचं, या अटीवर मला ते चालण्यासारखं होतं.

तेवढ्यात इंटेलची कोअर अल्ट्रा २०० मालिका जाहीर झाली, विक्रीची तारीख २४ ऑक्टोबर २०२४. तारीख पक्की आणि जवळची, म्हणून तिच्यासाठी मी थांबले. परीक्षणं आली. वीज कमी खाते ही जमेची बाजू. पण गेमिंगमध्ये ती बऱ्याच ठिकाणी १४व्या पिढीच्या मागे पडत होती, आणि नव्या सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बायोस अजून मुरलेलं नव्हतं. माझ्या ४:२:२ साठी तिच्यात १४व्या पिढीपेक्षा असं काही नव्हतं की त्यासाठी पहिल्या लाटेत उडी घ्यावी. मी आय५-१४६००के वर शिक्कामोर्तब केलं. सहा मोठे कोअर, आठ छोटे.

"पण तो सॉकेट संपला, पुढे अपग्रेड नाही," हा आक्षेप मला अनेकांनी घेतला. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचं वचन दिलंय, आणि दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्यांसाठी ते खरंच मोलाचं आहे. मी आठ-नऊ वर्षं एक मशीन चालवते. एवढ्या काळाने बोर्ड आणि रॅमसकट सगळं बदलावंच लागतं. जो अपग्रेड मी करणारच नाही, त्याच्यासाठी आजची सोय सोडणं मला पटलं नाही.

ऑर्डरच्या वेळी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागली. दुकानदाराच्या कोटेशनवर १४६००केएफ लिहून आलं होतं. शेवटचा 'एफ' म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर. वेगळं कार्ड असलेल्या गिऱ्हाइकाला तो सुचवणं साहजिक आहे, थोडा स्वस्त पडतो. पण मी ज्या भागासाठी हा प्रोसेसर घेत होते, तोच त्यात नसतो. ते अक्षर काढून घेतलं.

रॅमबद्दल मोह होता. डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमचा बोर्ड घेऊन जुनी रॅम वापरता आली असती, पण १६ जीबी पुरत नव्हती आणि तिचा वेगही २१३३ चा. मग १६-१६ च्या दोन डीडीआर५ पट्ट्या आत्ता आणि दोन पुढे, असा विचार आला. मात्र डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की मेमरीचा वेग बराच खाली आणावा लागतो, नाहीतर मशीन अडखळतं. म्हणून ३२-३२ च्या दोनच पट्ट्या एकदम घेतल्या. ग्राफिक्स कार्ड मात्र घेतलं नाही. जुनं १०६० तसंच नव्या बोर्डात बसवलं.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये एकच ग्राफिक्स दिसत होतं, ते १०६०. वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये आयजीपीयू (अंगभूत ग्राफिक्स) मल्टी-मॉनिटर नावाचा पर्याय शोधून चालू केला, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डीकोडिंगसाठी इंटेलवर खूण केली आणि तीच क्लिप लावली. प्ले, पुढे ओढणं, मागे ओढणं, दोन कॅमेरे एकावर एक, सगळं बोटाबरोबर चालायला लागलं. तोपर्यंत मी प्रत्येक फुटेजच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, रात्रभर बनवत होते. ते काम त्या दिवशी बंद झालं. थांबण्याचा हिशोब मांडताना हे तास कोणी धरत नाही. मी धरले होते. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि ६व्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यामुळे जुन्या मशीनची मुदत ठरलेलीच होती.

कार्डासाठी आता निवांत थांबता येत होतं. जानेवारी २०२५ मध्ये ५० सिरीज जाहीर झाली आणि तिच्यात ४:२:२ ची सोय खरोखर आली. एच.२६५ साठीच नाही, एच.२६४ साठीही, आणि हे दुसरं इंटेलकडे नव्हतं. मैत्रिणीचं म्हणणं त्या अर्थी बरोबर ठरलं. पण पहिले काही आठवडे ५०९० आणि ५०८० कुठेच मिळेनात. फेब्रुवारीत काही कार्डांमध्ये रेंडरिंगचे आठ युनिट कमी असल्याचं उघड झालं; साधारण अर्धा टक्का कार्डांत हा दोष असल्याचं एनव्हिडियाने मान्य केलं आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. मी या सगळ्यापासून लांब होते, कारण माझं काम अडलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये ५०६० टीआय आलं, ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत. ४केच्या टाइमलाइनवर नॉइज काढायला लागलं की ८ जीबी भसाभस भरतात, म्हणून १६ जीबीचं घेतलं. हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या वाटेच्या, १६ ऐवजी आठच लेन वापरतं. ५.० च्या स्लॉटमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण माझ्या जुन्या ३.० च्या बोर्डात तीच वाट चौपट अरुंद झाली असती. बोर्ड आधी आणि कार्ड नंतर, या क्रमाचा असाही फायदा झाला.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅम महागायला लागली. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. थांबलं की स्वस्त मिळतं, हे गृहीत धरून बसलेल्यांची त्यामुळे पंचाईत झाली. मैत्रिणीला आता स्वतःचं मशीन हवंय आणि ती मला विचारतेय, थांबू का? तिच्याकडे लॅपटॉप ७व्या पिढीचा आहे, फुटेज तेच ४:२:२. मी तिला सांगितलं: अंगभूत ग्राफिक्सवाला इंटेल प्रोसेसर आणि बोर्ड घेऊन टाक. रॅम १६-१६ च्या दोन पट्ट्याच घे, ६४ चा हट्ट या भावात नको, दर उतरले की त्या विकून मोठ्या घेता येतील. कार्ड आत्ता घेऊच नकोस. रंगकाम अजून माझ्याकडेच होतंय ना?